विषय: तांबड्या कोंबडीच्या कातडीखाली हवा, सुई की चीर? (तातडीचे)

मुग्धा:
मंडळी, परवा रात्री रॅकूनने खुराड्याची जाळी उचकटली. पांढरी गेली. तांबडी वाचली, पण काल दुपारपासून तिची उजवी बाजू पंखाखालून मानेपर्यंत फुगत चालली आहे. दाबलं की बोटाखाली चुरचुरतं. पिसं बाजूला केली तर कातडी इतकी ताणलेली की खालच्या शिरा दिसतात. दाणे टिपते आहे, पण मान वळवता येत नाही. आमचा नेहमीचा व्हेट फक्त कुत्री-मांजरी बघतो आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांकडची वेळ सोमवारची मिळाली आहे. सुईने हवा काढू का? कुठे टोचू? कोंबड्यांचे डॉक्टर होते ते विनयकाका अजून या मेलिंग लिस्टवर आहेत ना?

अनिरुद्ध:
मुग्धाताई, कोंबडीला लवकर बरं वाटो. पण ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे, हे कोजागरीच्या वेळीच ठरलं होतं. हॉलच्या डिपॉझिटची मेल खाली जाते आहे आणि मुदत शुक्रवारची आहे. असे प्रश्न बागकामाच्या गटावर टाकावेत.

शैलावहिनी:
अनिरुद्ध, बागकामाच्या गटावर विनयकाका नाहीत. जीव अडकलाय तिथे डिपॉझिट थांबेल एक दिवस.
मुग्धा, आमच्याकडे गुहागरला मुंगसाने धरलेली कोंबडी आजी डालग्याखाली चुलीच्या उबेला ठेवायची आणि जखमेवर खोबरेल तेलात कालवलेली हळद भरायची. पुष्कळशा जगायच्या. तू हळद लाव.

विनयकाका:
मुग्धा, आहे मी इथेच. तेल अजिबात नको. तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब जाते आणि जखमेत घाण धरते. डालगं आणि ऊब मात्र बरोबर आहे. वहिनी, आजींचं ते खरं औषध होतं.

आधी हवा येते कुठून ते समजून घे. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळवतात त्या वायुपिशव्या, आणि त्या मानेपासून पोटापर्यंत पसरलेल्या असतात. खांद्याजवळचं पंखाचं हाड पोकळ असतं आणि तेही या पिशव्यांना जोडलेलं असतं. दात लागून पिशवी फाटली किंवा ते हाड मोडलं, तर प्रत्येक श्वासाबरोबर थोडी हवा कातडीखाली शिरते. म्हणून पंख लोंबतोय का ते बघ.

मग ती हवाच आहे ना याची खात्री कर. चुरचुर म्हणजे हवा. पाण्यासारखं हलत असेल तर टोचू नकोस. मानेच्या बुडाशी उजवीकडे दाण्याची पिशवी असते, ती रात्री खाल्ल्यावर भरलेली असते, पहाटे रिकामी. पहाटे चाचप म्हणजे फरक कळेल. त्या दाण्याच्या पिशवीला सुई लागता कामा नये.

आता तुझा प्रश्न. सुईचं भोक लगेच मिटतं आणि संध्याकाळी फुगा पुन्हा तयार. त्यापेक्षा जिथे फुगवटा सगळ्यात मोठा आहे आणि शीर दिसत नाही, तिथली चार पिसं उपटून जागा पोव्हिडोन आयोडीनने पुसायची आणि निर्जंतुक पात्याने फक्त कातडीला तीन-चार मिलिमीटरची चीर द्यायची. खोल जायचं नाही. कडेकडून हलक्या हाताने हवा चिरेकडे सरकवायची. चीर एक-दोन दिवस उघडी राहिली की आतली फट भरायला वेळ मिळतो. टाके नकोत, आणि छातीभोवती पट्टी तर मुळीच नको. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड वर-खाली होऊनच तिचा श्वास चालतो. घट्ट बांधलीस तर गुदमरेल. धरतानाही छाती मोकळी ठेव.

चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल किंवा श्वासागणिक शेपूट हलत असेल तर सोमवारची वाट बघू नकोस. रात्रीचं जे इमर्जन्सी क्लिनिक पक्षी घेतं तिथे ने.

डॉ. सतीश:
विनयराव, माणसात कातडीखाली अशी हवा आली तर आम्ही बहुतेक वेळा हात लावत नाही. मूळ गळती बंद झाली की ती जिरते. घरात पातं चालवून जंतूंना वाट कशाला द्यायची? मुग्धा, सोमवारपर्यंत थांब.

विनयकाका:
सतीश, फुगवटा मऊ असेल तर मीही थांबच म्हणेन, कोंबडीतही तो पुष्कळदा जिरतो. पण मान वळत नाही आणि कातडी ताणली आहे असं तिने लिहिलं आहे. शिवाय जंतू दातांबरोबर आधीच आत गेलेत. तुमच्याकडे छातीत नळी घालायची सोय असते, इथे वायुपिशवीपर्यंत कोण जाणार? मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात आम्ही हेच शिकलो आणि पुढे कुक्कुटपालनात नोकरीभर हेच केलं.

प्राची:
अँटिबायोटिक पूर्वी फार्म स्टोअरमध्ये सहज मिळायचं, तेच पाण्यात घालायचं.

विनयकाका:
प्राची, जून २०२३ पासून जनावरांची ती अँटिबायोटिक इथे अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. शिवाय घरची असली तरी कोंबडी इथे खाण्याचा प्राणी धरली जाते, त्यामुळे काही औषधं डॉक्टरलाही देता येत नाहीत. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांसाठी २००५ मध्येच बंद झालं. चाव्याच्या जखमेला अँटिबायोटिक लागेलच, पण माझं इथलं लायसन्स नाही, म्हणून नाव आणि डोस मी लिस्टवर लिहिणार नाही. मुग्धा, औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही सोमवारी विचार.
आणखी एक. जखम धुताना हातमोजे घातलेस ना? रेबीज कोंबडीला सहसा होत नाही, पण रॅकूनची ताजी लाळ तुझ्या हातावरच्या ओरखड्यात गेली असेल तर आजच डॉक्टरला फोन कर.

मुग्धा:
मोजे होते, काका. नवऱ्याने टॉवेलात धरली, मी चीर दिली. हवा फुसकन गेली आणि तिने लगेच मान वळवून पंख चोचीने साफ केला. रक्त एक थेंबभर. आज सकाळी पुन्हा थोडी फुगली आहे, कालच्या निम्मीही नाही. चिरेवर खपली धरलीय. पुन्हा उघडू का? पंख लोंबत नाही. श्वास शांत आहे.

विनयकाका:
मऊ आहे ना? मग खपलीला हात लावू नकोस. ताणली तरच कोमट पाण्याने भिजवून उघड. उडी मारायला जागा देऊ नकोस, दांडी काढून टाक. बाकीच्यांपासून वेगळी ठेव, रक्त दिसलं की त्या टोचतात.

अनिरुद्ध:
मुग्धाताई, षटकोनी चिकनवायर रॅकून फाडतो. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डेड जाळीचा उरलेला रोल माझ्या गॅरेजमध्ये आहे. शनिवारी हॉल बघायला येतोच आहे, तेव्हा गाडीत टाकतो. कडीला स्प्रिंगचा हुक लावा, साधी कडी तो उघडतो. आणि डिपॉझिटचं तुमचं उत्तर अजून आलेलं नाही.