पाच मशीनचं कर सल्लागार ऑफिस: हे कोटेशन बरोबर आहे का?

जमाखर्च_बार्शी
नमस्कार. बार्शीत कर सल्लागाराचं ऑफिस सुरू करतोय. पाच टेबलं. टॅलीप्राइम, एक्सेल, जीएसटी आणि आयकराची पोर्टल्स, डिजिटल सहीचे टोकन, एवढंच काम. लाइट तासभर गेली तरी थांबायला नको. दुकानदाराने दिलेलं कोटेशन:

असेंबल्ड आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी: ५
६०० व्हीए यूपीएस: ५
८ पोर्टचा १०/१०० स्विच: १, लॅन केबलचा बॉक्स: १
रंगीत इंक टँक प्रिंटर: १
विंडोज 'टाकून मिळेल'

कुठे काटछाट करू, कुठे वाढवू?

पट्टी_आणि_पेचकस
'आय७' च्या पुढचा आकडा कुठाय? सगळी मेख तिथेच आहे. आय७-४७७० हा २०१३ चा प्रोसेसर, तोही आय७ च. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (बोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या कामाला आय३-१२१०० पुरून उरतो. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' नको. १२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर पंखा फिरतो, दिवा लागतो आणि स्क्रीन काळीच राहते.

रॅम १६ जीबीच ठेवा, पण ८ च्या दोन पट्ट्या घ्या. ऑनबोर्ड ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, दोन पट्ट्यांनी त्याला वेग मिळतो.

'टाकून मिळेल' हे अजिबात मान्य करू नका. अशिलांचे पॅन आणि पासवर्ड ज्या मशीनवर राहणार, तिथे क्रॅक केलेलं विंडोज नको. बिलात विंडोजची वेगळी ओळ हवी. टॅलीचा डेटा असलेल्या मशीनला तरी विंडोज प्रो घ्या. विंडोज होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही.

शक्य असेल तर ब्रँडेड बिझनेस डेस्कटॉपचं, तीन वर्षं ऑनसाइट वॉरंटीचं कोटेशनही मागवा. असेंबल्डमध्ये बोर्ड एका कंपनीचा, एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) दुसऱ्या. बिघडलं की पार्ट काढून सोलापूरला पाठवत बसावं लागतं.

न्यूट्रल_आधी_तपासा
तासभर काम चालू ठेवायचं असेल तर ६०० व्हीए चे पाच डबे उपयोगाचे नाहीत. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) एकच बॅटरी असते. मशीन आणि मॉनिटर मिळून १०० वॅट धरले तर नवी असताना पंधरा-वीस मिनिटं, दोन वर्षांनी फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती.

त्याऐवजी १ केव्हीएचा एकच ऑनलाइन यूपीएस घ्या, ३६ व्होल्टचा, बाहेर १२ व्होल्ट ४२ एएचच्या तीन एसएमएफ (पाणी न घालावं लागणाऱ्या, सीलबंद) बॅटऱ्या. हिशेब असा: ३६ × ४२ = १५१२ वॅट-तास. घट धरून हजार-एक हाती येतात. पाच मशीन, स्विच आणि राउटर मिळून सव्वापाचशे वॅट, म्हणजे जवळजवळ दोन तास. मॉडेल 'लाँग बॅकअप'चंच मागा. आतल्या बॅटरीच्या मॉडेलचा चार्जर एखाद्या अँपिअरचा असतो. त्याला ४२ एएच बाहेरून जोडल्या तर त्या दोन दिवसांतही भरत नाहीत आणि कायम अर्धपोटी राहून लवकर मरतात. सगळ्यांना हा घोळ बॅटरी बदलायच्या वेळी कळतो.

यूपीएस यायच्या आधी वायरमनकडून मल्टिमीटर लावून घ्या. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशे दाखवलं तर अर्थिंग नुसतं नावाला आहे. अशा जागी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि लॅन पोर्ट, यूएसबी टोकन जळतात.

जमाखर्च_बार्शी
खूप आभार. घरी जुना इन्व्हर्टर पडून आहे, तो चालेल का? आणि प्रिंटरही यूपीएसवरच घेऊ का?

न्यूट्रल_आधी_तपासा
जुने इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचे असतात. काही एसएमपीएसना ते चालत नाही, लाइट जाताक्षणी मशीन रीस्टार्ट होतं. तो पंखे-दिव्यांना ठेवा.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच नाही. फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा रोलर) तापताना तो एकदम पाचशे ते हजार वॅट ओढतो. यूपीएस ओव्हरलोड होऊन पाचही मशीन एकदम बंद पडतील. त्याला थेट लाइनचा वेगळा सॉकेट द्या.

केबल_क्रिम्प
प्रिंटर लेझरच घ्या, काळा-पांढरा, डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी छापणारा) आणि लॅन पोर्टवाला. इंक टँकचं हेड वापर कमी झाला की सुकतं. स्कॅनला एडीएफ (कागद आपोआप ओढणारा फीडर) हवा, कारण लीगल आकाराचे करारनामे ए४ काचेवर मावत नाहीत. नव्या प्रिंटरसोबतचा टोनर बहुतेकदा कमी पानांचा असतो, एक जादा आणून ठेवा.

स्विच १०/१०० नको, गिगाबिट घ्या. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी. पाच जण एकाच डेटावर बसले की टॅली रांगतं. पाच जणांना टॅलीचं गोल्ड लायसन्स लागेल, सिल्व्हर एका मशीनपुरतं. टॅली वाय-फायवर चालवू नका. व्हाउचर सेव्ह होताना लिंक तुटली तर डेटा बिघडतो.

केबल कॅट६, शुद्ध तांब्याची. टोक सोलून तार ब्लेडने खरवडा: आत चांदीसारखी पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. ती क्रिम्प करताना (टोकाला प्लग दाबून बसवताना) तुटते, आणि नाही तुटली तर वर्षभरात जोडणी ढिली होते. दोन्ही टोकांना रंगक्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. लाइटच्या पाइपातून लॅन ओढू देऊ नका.

कोटेशनमध्ये बॅकअप कुठेच दिसत नाही. १ टीबीच्या दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या, एक दिवस ही, एक दिवस ती. कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) मूळ डेटासोबतच लॉक करतं.

पट्टी_आणि_पेचकस
माल आला की पैसे देण्याआधी प्रत्येक मशीनवर टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅमचे किती स्लॉट भरलेत ते बघा. एसएसडी नवीच आहे ना, हे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर सांगतं: 'पॉवर ऑन अवर्स' (डिस्क किती तास चालली) हजारात असतील तर वापरलेली आहे. सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, तुमच्या जीएसटी क्रमांकासकट.