शब्दचर्चा : ‘कॉन्व्हेक्स’, ‘रँडम’ आणि ‘पॉलिटोप’ यांना मराठीत काय म्हणावं?

पारोळा
नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी मराठीतून एक टिपण लिहिते आहे. विषय असा : एखाद्या आकृतीत रँडम बिंदू टाकायचे, त्या सगळ्यांना सामावून घेणारी सर्वांत लहान कॉन्व्हेक्स आकृती काढायची आणि तिला कोपरे किती, क्षेत्रफळ किती, ते पाहायचं. गणित मुलांना आवडतं आहे, अडचण शब्दांची आहे. मी ‘बहिर्गोल चौकोन’ म्हटलं तर एका मुलीने लगेच विचारलं, ‘मॅडम, चौकोन गोल कसा?’ तिचा प्रश्न बरोबर आहे. मग ‘बहिर्वक्र’ म्हणू का? ‘रँडम’ला ‘यादृच्छिक’ चालेल? आणि ‘पॉलिटोप’चं, म्हणजे सपाट बाजूंच्या कितीही मितींतल्या आकृतीचं, काय करू?

यावल
ताई, सरळ ‘उत्तल’ घ्या. आमच्याकडची मुलं हिंदीतले व्हिडिओ बघतात, त्यांना ‘उत्तल’ आणि ‘अवतल’ तोंडपाठ असतात. शब्द संस्कृतच आहे, परका वाटत नाही.

धुळे
माझं मत, तिन्ही शब्द इंग्रजीच ठेवा, देवनागरीत लिहा. पुढे इंजिनीअरिंगला गेल्यावर तेच कानावर पडणार आहेत.

चाळीसगाव
मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं दुखणं पकडलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘बहिर्गोल’ आणि ‘बहिर्वक्र’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे आले ते आरसे आणि भिंगांबरोबर. तिथे पृष्ठभाग खरोखरच बाहेर वळलेला असतो, म्हणून ते शोभतात. भूमितीत कॉन्व्हेक्स म्हणजे मात्र वेगळी गोष्ट : आकृतीतले कोणतेही दोन बिंदू घ्या, त्यांना जोडणारा रेषाखंड पूर्णपणे त्याच आकृतीत राहिला पाहिजे. यात वळणाची अट कुठेच नाही. चौरसाच्या बाजू सरळसोट असतात, तरी तो कॉन्व्हेक्स. चंद्रकोरीची बाहेरची कड सुंदर वळलेली असते, तरी कोर कॉन्व्हेक्स नाही. यावलच्या भाऊंच्या ‘उत्तल’मध्येही तोच दोष आहे, कारण उत् आणि तल मिळून तोही वर उचललेल्या पृष्ठभागाचंच चित्र उभं करतो.

मुलांना मी वावराचं उदाहरण देईन. वावराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सरळ रेषेत चालत निघालो आणि मधे शेजाऱ्याचं वावर लागलं, तर बांध कुठेतरी आत शिरला आहे, म्हणजे वावर कॉन्व्हेक्स नाही. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘मधमा दुसरानं वावर उनं’ एवढं म्हटलं तरी व्याख्या समजते. इथे कळीचा शब्द ‘खाच’ आहे. कॉन्व्हेक्स म्हणजे बिनखाचेचं.

तरीही टिपणात मी ‘बहिर्वक्र’च ठेवीन. मुलांनी तो शब्द ऐकलेला असतो आणि पुढच्या मराठी पुस्तकांशी जोड राहते. फक्त पहिल्यांदा वापरताना ‘बहिर्वक्र, म्हणजे बिनखाचेची’ असं लिहा आणि लगेच रेषाखंडाची व्याख्या द्या. उलट बाजूला ‘अंतर्वक्र’ मात्र टाळा. भिंगात बहिर्वक्र आणि अंतर्वक्र ही जोडी जमते. आकृत्यांत जी बहिर्वक्र नाही तिला एकच खाच असेल, दहा असतील, किंवा मधे भोक असेल. तिथे सरळ ‘बहिर्वक्र नसलेली’ म्हणावं.

‘पॉलिटोप’बद्दल मी धुळ्याच्या दादांच्या बाजूने आहे. हा शब्द जर्मन गणिती राइनहोल्ड होपे यांनी १८८२ मध्ये घडवला, तो बहुभुज आणि बहुपृष्ठक (सपाट पृष्ठांची घनाकृती) यांच्या पलीकडे कितीही मितींत चालणारं एकच नाव हवं म्हणून. ‘बहुपृष्ठक’ तीन मितींपुरता उत्तम आहे, पण चार मितींत त्याची ‘पृष्ठं’ स्वतःच घनाकृती असतात. तिथे पृष्ठ म्हटलं की मूल कागदासारखं काहीतरी डोळ्यांसमोर आणणार. पॉलिटोपला पॉलिटोपच राहू द्या.

पारोळा
खूप धन्यवाद सर, ‘बिनखाचेची’ घेतेच. आता ‘यादृच्छिक’. दहावीच्या पुस्तकात ‘यादृच्छिक प्रयोग’ आहे, पण मुलं त्याचा अर्थ ‘कसेही, मनाला येईल तसे’ असा घेतात. चौरसात यादृच्छिक बिंदू काढा म्हटलं तर सगळ्यांनी पेनाने छान अंतरा-अंतरावर ठिपके दिले!

चाळीसगाव
तुमच्या वर्गात जे झालं त्यावरच एक तास घेता येईल. माणूस मनाने ठिपके देतो तेव्हा आधीच्या ठिपक्याला टाळत जातो. खऱ्या यादृच्छिक बिंदूंत दोन-तीन अगदी खेटून पडतात आणि एखादा कोपरा पूर्ण रिकामा राहतो. ‘यदृच्छा’ म्हणजे आपसूक, योगायोगाने. त्यात कोणाचं मन येत नाही. शब्द योग्य आहे, तो अपुरा मात्र आहे. कारण यादृच्छिक म्हटल्यावर ‘कोणत्या नियमाने?’ हा प्रश्न उरतोच. तुमच्या टिपणात नियम असा : समान क्षेत्रफळाच्या कोणत्याही दोन तुकड्यांत बिंदू पडण्याची संभाव्यता समान. म्हणून पूर्ण नाव ‘एकसमान यादृच्छिक बिंदू’. ‘एकसमान’ गाळलं की सगळंच डळमळतं.

कसं ते या विषयाच्या पहिल्याच प्रसिद्ध प्रश्नात दिसतं. १८६४ मध्ये इंग्रज गणिती सिल्व्हेस्टर यांनी विचारलं : प्रतलात यादृच्छिक चार बिंदू घेतले, तर त्यांतला एक बाकीच्या तिघांच्या त्रिकोणात पडण्याची संभाव्यता किती? निरनिराळ्या लोकांची निरनिराळी उत्तरं आली, आणि प्रत्येकाची रीत पटण्यासारखी होती. खोट प्रश्नात होती. अमर्याद प्रतलावर ‘एकसमान’ असं वाटप करताच येत नाही. बिंदू कुठल्या आकृतीत टाकायचे ते ठरवलं की उत्तर पक्कं होतं : त्रिकोणात १/३, चौरसात ११/३६, वर्तुळात सुमारे ०.२९५५. ब्लाश्के यांनी १९१७ मध्ये सिद्ध केलं की सगळ्या बहिर्वक्र आकृत्यांत त्रिकोणाचं उत्तर सर्वांत मोठं आणि वर्तुळाचं सर्वांत लहान. त्रिकोण कसलाही चालतो, बुटका की निमुळता याने फरक पडत नाही. लंबवर्तुळाचं उत्तरही वर्तुळाइतकंच येतं.

इथे मला चाळीसगावजवळच्या आमच्या पाटणची आठवण होते. पाटणच्या शिलालेखात शके ११२८ च्या दानाची नोंद आहे. ते दान भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला मिळालं. त्या ग्रंथांतल्या लीलावतीत भास्कराचार्य म्हणतात की चौकोनाच्या नुसत्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणारा पिशाच समजावा, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा, कारण ‘चतुर्बाहुक्षेत्रस्यानियतां स्थितिम्’, म्हणजे चार बाजूंच्या आकृतीची अनियत (न ठरलेली) स्थिती, त्यांना माहीत नाही. चार बाजू त्याच ठेवून चौकोन हवा तसा कलवता येतो. कर्ण किंवा लंब दिल्याशिवाय तो नियत होत नाही. सिल्व्हेस्टर यांच्या प्रश्नाची गत नेमकी अशीच होती.

म्हणून ‘रँडम’साठी कोणी ‘अनियत’ सुचवलं तर घेऊ नका. अनियत म्हणजे माहिती अपुरी असल्यामुळे न ठरलेलं. यादृच्छिक म्हणजे नियम पूर्ण ठरलेला, फक्त या खेपेला काय येईल ते न ठरलेलं. या दोन कल्पना मराठीत वेगळ्याच राहायला हव्यात.

शहादा
वाचून आनंद झाला. माझा एक प्रश्न. सगळ्या बिंदूंना सामावणारी सर्वांत लहान बहिर्वक्र आकृती, जिला ‘कॉन्व्हेक्स हल’ म्हणतात, तिला ‘वेढा’ का म्हणू नये? मी घरी तसंच समजावलं. परातीत दादरचे (ज्वारीचे) दाणे टाकले आणि बाहेरून दोरा ओढून घेतला. जे दाणे दोऱ्याला लागले ते कोपरे.

चाळीसगाव
प्रयोग छानच, पण दोन गोष्टी सांगतो. हाताने टाकलेले दाणे मधे दाट आणि कडेला विरळ पडतात, म्हणजे ते एकसमान नाहीत. बिंदू अशा मधे दाट, कडेला विरळ घंटाकृती वाटपाने पडले, तर कोपऱ्यांची संख्या फारच सावकाश वाढते, लॉगॅरिदमच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. पूर्ण परात एकसमान भरली तर ती घनमुळाच्या प्रमाणात वाढते. दोरा तोच राहतो, पण टाकण्याचा नियम बदलला की उत्तर बदलतं.

दुसरी गोष्ट शब्दाची. ‘वेढा’ म्हटलं की नुसती कड डोळ्यांपुढे येते, तुमचा दोरा. ‘हल’ म्हणजे आतला भाग धरून भरीव आकृती, आणि या विषयात त्या आतल्या भागालाच मोल आहे. रेन्यी आणि सुलांके यांनी १९६३-६४ मध्ये दाखवलं की चौरसात १००० एकसमान बिंदू टाकले तर सरासरी सुमारे १८ कोपरे येतात, आणि वर्तुळात सुमारे ३४. १९६५ मध्ये एफ्रॉन यांनी कोपऱ्यांची सरासरी आणि क्षेत्रफळाची सरासरी एका ओळीत बांधली. विचार साधा आहे. आणखी एक बिंदू टाकला तर तो नवा कोपरा कधी होईल? आधीच्या भरीव आकृतीबाहेर पडला तरच. सगळे बिंदू एकाच नियमाने पडतात, म्हणून कोणताही एक बिंदू कोपरा होण्याची संभाव्यता म्हणजे सरासरी कोपरे भागिले बिंदू, आणि न व्यापलेल्या क्षेत्रफळाचा वाटाही जवळजवळ तेवढाच. चौरसात सुमारे १.८ टक्के जागा सुटते, वर्तुळात सुमारे ३.४ टक्के. टोकदार कोपरे चौरसाला असूनही जास्त जागा सुटते ती वर्तुळात! कारण गोल कडेला सगळीकडूनच थोडी थोडी जागा सुटत जाते. चौरसात सरळ बाजूंना आपली आकृती जवळजवळ चिकटते आणि तिचे कोपरे चौरसाच्या चार कोपऱ्यांपाशी गोळा होतात.

हे सगळं ‘वेढ्या’त मावत नाही. ‘कवच’ही नको, ते आतून पोकळ असतं. मी ‘बहिर्वक्र आवरण (आतल्या भागासह)’ असं लिहीन.

भुसावळ
सर, ‘सरासरी १८’ लिहिलंत, पुस्तकी शब्द ‘अपेक्षित’ आहे. पण ‘अपेक्षित १८’ वाचून मुलांना वाटेल की १८च यायला हवेत, १५ आले तर चुकलं.

चाळीसगाव
बरोबर, म्हणूनच ‘सरासरी’ लिहिलं. प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर कधी १५, कधी २२ येतील. व्याख्या देताना एकदा ‘अपेक्षित मूल्य, म्हणजे दीर्घकाळची सरासरी’ असं सांगावं आणि पुढे ‘सरासरी’वरच राहावं.

‘सरासरी घनफळ’ तर फारच सुंदर ठिकाणी येतं. चार त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीत चार एकसमान बिंदू टाकले, तर त्यांनी होणाऱ्या छोट्या तशाच घनाकृतीचं सरासरी घनफळ मूळच्या किती पट? बुख्टा आणि राइट्झनर यांनी २००१ मध्ये नेमकं उत्तर दिलं : १३/७२० वजा पाय (π) चा वर्ग भागिले १५०१५, म्हणजे सुमारे १.७४ टक्के. सगळ्या कडा सरळ, वर्तुळ कुठेही नाही, तरी उत्तरात पाय!

पारोळा
हे मुलांना सांगायलाच हवं. त्या घनाकृतीला ‘चतुष्फलक’ लिहू ना?

चाळीसगाव
लिहा, पण मुलांना ती शाळेत ‘त्रिकोणी सूची’ म्हणून भेटलेली आहे. आधी ‘त्रिकोणी सूची’ म्हणा. तिच्या कोणत्याही पृष्ठाला तळ मानता येतो हे लक्षात आणून द्या, मग ‘चतुष्फलक’ द्या.