मदत हवी आहे : ढगांवर पडलेल्या विमानाच्या सावलीचा फोटो

विमानात खिडकीशी बसून खालच्या ढगांवर आपल्याच विमानाची सावली शोधायचा मला नाद आहे. (बरोबरचे झोपतात, मी मान वाकडी करून बसते.) कधी कधी सावलीभोवती रंगीत कडं दिसतं, आणि त्याचा मध्य नेमका आपण बसलोय तिथे असतो! त्यासाठी सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी लागते. आता सकाळी दक्षिणेकडे जाणारं विमान आहे, म्हणजे उजवी बाजू घेणार. पण पंखाच्या पुढे बसू की मागे? मागे इंजिनाच्या गरम हवेने दृश्य थरथरतं. शिवाय मोबाइलचा फोकस दर वेळी काचेवरच्या ओरखड्यांवरच जातो. तो ढगांवर कसा ठेवायचा? कुणाला जमलं असेल तर सेटिंगसकट सांगा, प्लीज.