तिघा स्पर्धकांनी मिळून एक सेन्सर बनवायचा का?

पिककाउंटर (सोलापूर):
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोडला आमचं छोटं युनिट आहे. मी, दोन पोरं आणि एक हेल्पर. यंत्रमागाला लावायचं यंत्र बनवतो. माग किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) चालला, किती वेळ बंद होता, कशामुळे बंद पडला, हे कारखानदाराला मोबाईलवर दिसतं. असंच यंत्र गावात आणखी दोघं विकतात. आम्ही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो आणि लग्नात शेजारी बसून जेवतो.

दुखणं तिघांचं एकच. पिक मोजायला चुंबक चालतं, त्याला रुईचं, म्हणजे हवेत उडणाऱ्या कापसाच्या तंतूंचं, काही नाही. पण ताण्याचा (उभा) धागा तुटला हे ओळखायला प्रकाशाचा सेन्सर लागतो, आणि टॉवेलच्या कारखान्यात रुई बसून त्याचा डोळा दोन दिवसांत मिटतो. तिसऱ्या दिवशी माग खडखडत असतो आणि ॲपवर 'बंद' दिसतं. मग फोन. तो फोन कसा असतो ते लिहीत नाही.

यावर दीड वर्षात माझे ४ लाख गेले. वर्षाची उलाढाल ३८ लाख, त्यातले. बाकीच्या दोघांचेही कमी-जास्त तेवढेच गेले असणार. परवा चहा पिताना त्यातला एक म्हणाला, "तिघं मिळून करू की बे, तेच तेच पैसे कशाला जाळायचे?" प्रत्येकी दोन लाख आणि एकेक माणूस, असा हिशेब.

मन मानत नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मी घडवलेला पोरगा यांच्यातल्याच एकाकडे गेला. माझं सर्किट डोक्यात घेऊन गेला. बायको हिशेब बघते, ती म्हणते आधी कागद, मग चहा. कागदावर लिहायचं काय पण? आणि माणसं पळवायची नाहीत असं कलम घालता येतं का? मोठ्या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसून एकत्र संशोधन कशा करतात?

पुण्यात अडकलेला:
दादा, मी मूळचा जुळे सोलापूरचा, आता पुण्यात चिप डिझाइनमध्ये. तुमचा प्रश्न अमेरिकेला १९८७ मध्ये पडला होता. जपानी कंपन्या मेमरी चिपच्या धंद्यात पुढे निघून गेल्या होत्या. त्या जपान्यांनीसुद्धा १९७६ ते १९८० सरकारी पैशाच्या आधाराने एकत्र संशोधन केलं होतं. फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी, तोशिबा सगळ्या त्यात होत्या. मग इंटेल, आयबीएम, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स वगैरे १४ कंपन्यांनी एकत्र संशोधनासाठी सेमाटेक नावाची संस्था काढली. वर्षाला साधारण १० कोटी डॉलर सरकारचे, तेवढेच कंपन्यांचे.

खरी गंमत पुढे आहे. चिप बनवायची पद्धत एकत्र सुधारू म्हणून बसले आणि कोणी आपली पेटी उघडेना. शेवटी पैसा वळवला यंत्रं आणि कच्चा माल बनवणाऱ्यांकडे, म्हणजे जे सगळ्यांनाच विकतात त्यांच्याकडे. तिथे लपवायचं काही नव्हतं. २०१२ मध्ये चिप बनवायची यंत्रं विकणाऱ्या एएसएमएलच्या बाबतीतही तेच. इंटेल, टीएसएमसी आणि सॅमसंग एकमेकींच्या वैरी, पण तिघींनी त्या डच कंपनीचे मिळून २३ टक्के शेअर घेतले आणि संशोधनाला वेगळे १३८ कोटी युरो दिले. पुढची यंत्रं तिघींनाही हवी होती.

म्हणून सर्किट कोणी कोणाला दाखवू नका. सेन्सरची काच आणि डबी बनवणारा तिसरा माणूस शोधा, पैसे त्याला द्या.

पोरांचं कलम मात्र विसरा. ॲपल, गूगल, इंटेल वगैरेंनी 'तुझी माणसं मी घेत नाही, माझी तू घेऊ नको' असं आपसात ठरवलं होतं. २०१० मध्ये सरकारने ते बंद करायला लावलं, आणि इंजिनिअरांच्या दाव्यात चार कंपन्यांना मिळून ४१.५ कोटी डॉलर भरावे लागले.

पूर्व भाग कारखानदार:
मी गिऱ्हाईक आहे, माझंही ऐका. तुम्ही तिघं एका टेबलावर बसलात की दुसऱ्या चहाला दर ठरणार, हे आम्हाला कळत नाही का? सेन्सर एकत्र करा, दर वेगळे ठेवा. दराचा विषय निघाला तर उठून बाहेर या. कारखान्यात लावून बघायचं असेल तर माझे सहा माग देतो. पण बंद पडलेल्या वेळेचे पैसे घेणार, फुकट नाही.

ताणाबाणा:
दर आपसात ठरवणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्येच बसतं, त्यामुळे कारखानदारसाहेबांचं बरोबर आहे. त्याच कलमात उत्पादनाची कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला सूट आहे, पण तिच्या आडून दर ठरवू नका. कागद सीएकडून नको, वकिलाकडून करा.

मी निवृत्त बाई, आयुष्य कापडाच्या तपासणीत गेलं. आपल्या धंद्याला हे नवीन नाही. अहमदाबादच्या गिरण्या एकमेकींशी भांडायच्या, तरी १९४७ मध्ये अटिरा ही सगळ्यांची मिळून संशोधन संस्था उभी राहिली. मुंबईत १९५४ ला बिट्रा, कोइमतूरला १९५६ ला सिट्रा. एकेका गिरणीला झेपणार नाही ती प्रयोगशाळा सगळ्यांच्या पैशातून.

आता रुईचं. नुसती रुई फुंकरीने उडते. तुमच्या काचेवर बसते ती रुई, खळीची पूड आणि मागाचं तेल यांची खीर. कामगार कॉम्प्रेसरने हवा मारतो तेव्हा निम्मी उडते, निम्मी आणखी घट्ट बसते. दोन दिवसांनी काचेवरून बोट फिरवून बघा, चिकट लागेल. काच उभी किंवा खाली झुकलेली ठेवा, आडवी नको. आणि काच मळेल तसा प्रकाश किती कमी झाला ते यंत्रालाच मोजू द्या. म्हणजे 'बंद' ऐवजी 'काच पुसा' असा निरोप येईल. तेवढ्यानेसुद्धा निम्मे फोन कमी होतील.

पिककाउंटर (सोलापूर):
ताई, बोट फिरवून बघितलं. खरंच चिकट. दीड वर्षात मी ती काच फक्त कापडाने पुसत होतो.

काल तिघं बसलो. काच आणि डबी एकत्र, सर्किट आणि ॲप ज्याचं त्याचं. डबीचे साचे होटगी रोडचा एक डायमेकर करतोय, खर्च तिघांत. पोरांचं कलम काढलं. काढताना समोरचा हसला आणि म्हणाला, "त्याला तू चौदा देत होतास, मी एकोणीस दिले." काय बोलणार?

एका गोष्टीवर अडलंय: साच्याची मालकी कोणाच्या नावावर? तिसरा म्हणतो डायमेकरच्याच. मला ते पटत नाही. कारखानदारसाहेब, सहा माग सोमवारपासून चालतील का? बंद वेळेचा हिशेब बायको करेल, तिच्याशी बोला.