नॉर्मन ‘मॉट’ला मराठीत काय म्हणावं?

चर: हेन डोमेनवरच्या लेखाचा अनुवाद अडलाय. वेल्सच्या सीमेवर रॉजर द माँटगोमेरी या नॉर्मन सरदारानं 1070च्या दशकात उभारलेला मातीलाकडाचा किल्ला. आज शेतांमध्ये झाडोऱ्यानं भरलेला ‘मॉट’ म्हणजे माणसांनी रचलेला मातीचा उंचवटा, पायथ्याशी ‘बेली’चं आवार आणि भोवती मातीचे दुहेरी बांध उरलेत. ‘टेकडी’ म्हटलं की निसर्गानं केलेली वाटते. ‘गढी’ चालेल?

पांढरीचा: गढी नको. विदर्भ-मराठवाड्यात गढी म्हणजे वाडा, बुरूज, तट सगळं मिळून. मॉट हा नुसता रचलेला उंचवटा. वरचा लाकडी मनोरा वेगळा. ‘टेकाड’ लिहा.

धातुकोश: मनुस्मृतीतल्या सहा दुर्गांत ‘महीदुर्ग’ आहे. तयार शब्द असताना टेकाड कशाला?

पांढरीचा: महीदुर्ग म्हणजे अख्खा किल्ला. इथे त्याच्या एका भागाला नाव हवंय. बेलीला फार तर ‘माची’ म्हणा.

सह्यकडा: माची डोंगराचीच सपाटी असते. बेली म्हणजे चर खणायचा, माती आतल्या बाजूला टाकून बांध घालायचा, वर लाकडी कूड ठोकायचा. ‘परकोट’ बरा. आणि मॉट व आपली विहिरीवरची मोट एकच असणार, दोन्हीत खालचं वर काढतात!

धातुकोश: संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये तो शब्द मातीच्या उंचवट्याला होता. इंग्रजीत त्याचाच ‘मोट’ झाला आणि अर्थ घसरून खंदकावर आला. वेल्शमध्ये ‘हेन डोमेन’ म्हणजे जुना ढिगारा. मग सरळ ‘ढिगारा’ का नको?

भरावकाम: ढिगारा अजिबात नको. नुसती माती ओतली तर पावसात उतार सुटतो आणि खालचा खंदक बुजतो. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्याची गोष्ट चितारणाऱ्या बेयोच्या भरतकामात हेस्टिंग्जचा मॉट आडव्या पट्ट्यांचा आहे. ते चोपून बसवलेले थर असावेत. तरी भराव बसत राहतोच. यॉर्कच्या मॉटवरचा दगडी मनोरा, क्लिफर्ड्स टॉवर, 14व्या शतकात त्यानंच तडकला. इंग्लंडमधल्या साउथ मिम्सच्या किल्ल्यात लाकडी मनोरा जमिनीपासूनच उभारून भोवती माती भरली होती. ‘भराव’ हाच शब्द.

पांढरीचा: भराव रेल्वेचा वाटतो.

चर: आणि कोरड्या चराला ‘खंदक’ चालेल?

सह्यकडा: खंदकात पाणी हवंच.

धातुकोश: मूळ फारसी शब्दाचा अर्थच ‘खणलेला’. पाण्याची अट नाही.

भरावकाम: शिवाय आज दिसतो तो खंदकाचा मूळ तळ नव्हे, वर गाळ साचलेला असतो. मॉटची उंची लिहाल तेव्हा ती भोवतालच्या जमिनीपासून की खंदकाच्या आजच्या तळापासून, तेही लिहा. दोन पुस्तकांतले आकडे बहुधा तिथेच जुळत नाहीत.