जीपीएसवर आयएफआर उडताना व्हीओआरची ३० दिवसांची तपासणी लागते का?

रेडियल२७०: अमेरिकेत एफएएचा (विमान वाहतुकीची नियामक संस्था) नियम ९१.१७१ म्हणतो की आयएफआरमध्ये (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याचे नियम) व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून दिशा दाखवणारं उपकरण) वापरायचा, तर मागच्या ३० दिवसांत त्याची तपासणी झालेली हवी. (मान्यताप्राप्त पद्धतीने देखभाल होणाऱ्यांना वेगळी वाट आहे, ते सोडा.) माझ्या मते वॅस (जीपीएसची अचूकता वाढवणारी उपग्रह यंत्रणा) असलेल्या जीपीएसवर उडणाऱ्याला ही अट लागत नाही. व्हीओआर नुसता पॅनलवर असला म्हणून काय झालं? अट वापरणाऱ्याला आहे.

ढगातला_पांथस्थ: कागदावर बरोबर. पण ढगात जीपीएस गेला तर पहिला हात कशावर जाईल? त्याच व्हीओआरवर, ज्याची शेवटची नोंद तीन महिन्यांपूर्वीची.

रेडियल२७०: ती आणीबाणी झाली, तर ९१.३ नुसार पायलटला गरजेपुरतं नियमाबाहेर जाता येतं.

ढगातला_पांथस्थ: आणीबाणीची सवलत आधीच हिशेबात धरून निघायचं, याला नियोजन कसं म्हणायचं?

जुनी_सुई: दोघंही सगळे जीपीएस एकाच मापाने मोजताय. टीएसओ-सी१२९ (एफएएचं उपकरण-मानक) वाल्या, म्हणजे वॅस नसलेल्या रिसीव्हरला मार्गासाठी दुसरं चालू साधन लागतंच. ते साधन व्हीओआर असेल तर तो न तपासता 'चालू' म्हणणं मला पटत नाही. सी१४५/सी१४६, म्हणजे वॅसवाला असेल तर रेडियलचं म्हणणं टिकतं.

ढगातला_पांथस्थ: आणि काम तरी किती? दोन्ही व्हीओआर एकाच स्टेशनवर लावायचे, फरक ४ अंशांच्या आत आला की तारीख, जागा, त्रुटी लिहून सही. संपलं.

जुनी_सुई: त्या पद्धतीवर माझा फारसा विश्वास नाही. दोन्ही सुया एकाच बाजूला ७ अंश चुकल्या तरी पास! शिवाय अँटेना सामाईक चालतो. त्यापेक्षा व्हीओटी (तपासणीसाठीच सिग्नल सोडणारं स्टेशन) बरा: सुई मध्यात आणली की 'फ्रॉम' (स्टेशनपासून) दिसताना ० अंश, 'टू' (स्टेशनकडे) दिसताना १८०, सूट ४ अंश.

रेडियल२७०: ज्याच्याकडे एकच व्हीओआर आहे आणि विमानतळावर ना व्हीओटी ना चेकपॉइंट (तपासणीसाठी ठरवून दिलेली जागा), त्याने काय करायचं?

जुनी_सुई: हवेतला चेकपॉइंट शोधायचा. तोही नसेल तर व्हीएफआरमध्ये (बाहेर बघून उडताना) एअरवेवरची (ठरलेल्या हवाई मार्गावरची) जमिनीवरची ठळक खूण गाठायची, शक्यतो स्टेशनपासून २० सागरी मैलांपलीकडची, आणि बऱ्यापैकी खालून थेट तिच्यावरून जायचं. हवेत सूट ६ अंश.

नवा_विद्यार्थी: सही मेकॅनिकचीच लागते का?

जुनी_सुई: नाही, जो तपासतो त्याची. रिपेअर स्टेशनचा टेस्ट सिग्नल वापरलात तरच त्यांचीही वेगळी नोंद लागते.