ट्रेकिंग ग्रुपची संस्था म्हणून नोंदणी: धर्मादाय कार्यालयात काय काय लागतं?

पायवाट_सातारा:
साताऱ्यातला ट्रेकिंग ग्रुप आहे, नियमित येणारे चाळीसेक जण. वर्षाची वर्गणी ठरलेली आहे, पण सगळे पैसे खजिनदाराच्या स्वतःच्या बचत खात्यातून फिरतात आणि आता त्याने हात वर केले आहेत. म्हणून रीतसर नोंदणी करायची आहे. कोणी सांगतं उपनिबंधकांकडे जा, कोणी सांगतं धर्मादायकडे. 'सोसायटी' आणि 'ट्रस्ट' अशा दोन नोंदण्या खरंच लागतात का? घटना (म्हणजे संस्थेचे उद्देश आणि नियमावली) नेटवरून उतरवून नावं बदलली तर चालेल का? अमेरिकेत गेलेले दोन-तीन जुने मित्र देणगी द्यायला तयार आहेत, ती घेता येईल का? पुढेमागे एखाद्या किल्ल्यावर टाक्यांतला गाळ काढायचाही विचार आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

दप्तरी:
उपनिबंधकांकडे जाऊ नका. ते कार्यालय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालचं आहे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था यांचं. तुमचं काम जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, म्हणजे धर्मादायकडेच. तिथे एकाच छपराखाली दोन कायदे चालतात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. पहिल्याखाली संस्था जन्माला येते, दुसऱ्याखाली ती सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदवली जाते. धर्मादाय उद्देशाची नोंदणीकृत संस्था ही १९५० च्या कायद्याच्या व्याख्येतच 'सार्वजनिक न्यास' आहे, त्यामुळे दुसरी नोंदणी ऐच्छिक नाही. त्यासाठीचा कलम १८ चा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. पहिलं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायचं आणि दुसरा अर्ज विसरायचा, हा प्रकार फार दिसतो.

पहिल्या टप्प्याला किमान सात सज्ञान सदस्य लागतात. सातच ठेवले तर एकाची सही चुकली की सगळं अडतं, म्हणून नऊ किंवा अकरा घ्या. एकाच घरातली माणसं भरू नका, त्यावर हमखास विचारणा होते. नावाचे दोन-तीन पर्याय तयार ठेवा. आधीच्या संस्थेशी मिळतंजुळतं किंवा सरकारी वाटेल असं नाव मिळत नाही.

कागद असे: अर्ज, मेमोरँडम, नियमावली, कार्यकारी मंडळातल्या प्रत्येकाचं संमतीपत्र, अर्ज दाखल करणाऱ्याच्या नावे सर्वांचं अधिकारपत्र, अध्यक्ष किंवा सचिवाचं प्रतिज्ञापत्र, स्थापना सभेच्या ठरावाची प्रत, सगळ्यांची ओळखपत्रं आणि संस्थेच्या पत्त्याचा पुरावा. मेमोरँडममध्ये नाव, पत्ता, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाचा तक्ता (पूर्ण नाव, पद, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता) असतो. त्याखाली 'आम्ही खाली सह्या करणारे' असा मजकूर आणि सात किंवा जास्त जणांच्या साक्षीदारासमोरच्या सह्या.

अडतं कुठे, तर फुटकळ गोष्टींत. आधारवर 'सुनिल' आणि मेमोरँडममध्ये 'सुनील'. संमतीपत्रावरची सही मराठीत, मेमोरँडमवरची इंग्रजीत. पत्त्यासाठी जोडलेलं वीजबिल वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि ना हरकत पत्र नातवाचं. अशा वेळी वारस नोंद झालेला मालमत्तेचा उतारा किंवा घरपट्टीची पावती जोडा, नाहीतर दुसऱ्या सदस्याचा पत्ता घ्या. नोंदणीकृत पत्ता पुढे प्रत्येक नोटिशीसाठी वापरला जातो, म्हणून भाड्याची खोली शक्यतो नकोच.

दुसऱ्या टप्प्यात अनुसूची २ मधला अर्ज. त्यात विश्वस्तांची नावं, ते कसे निवडले जातात त्याची पद्धत, जंगम-स्थावर मालमत्ता आणि उत्पन्नाची साधनं भरायची. मालमत्ता म्हणून बहुतेक संस्था सुरुवातीला जमलेली रोख वर्गणीच दाखवतात. मग हरकतींसाठी नोटीस निघते, चौकशी होते आणि आदेशानंतर नोंद चढते. संस्थांना 'एफ' पासून सुरू होणारा क्रमांक मिळतो. त्या नोंदीचा उतारा म्हणजे बोलीभाषेतलं 'शेड्यूल वन'. पुढे जिथे जाल तिथे हाच कागद मागतात, दोन-तीन प्रमाणित प्रती एकदमच काढा.

दप्तरी:
घटनेबद्दल वेगळं लिहितो, कारण संस्थांची भांडणं नोंदणीवरून होत नाहीत, घटनेवरून होतात. नेटवरच्या घटनेत ग्रंथालय, गोशाळा, वृद्धाश्रम, संगणक प्रशिक्षण असे चाळीस उद्देश असतात. तुम्हाला सहा-सात पुरे: गिर्यारोहण व पदभ्रमणाचा प्रसार, प्रशिक्षण, बचावकार्यात मदत, निसर्ग व दुर्ग संवर्धन, याच प्रकारचे. नफा, व्यवसाय, सहली विकणे असा वास येणारं वाक्य नको. उद्देश नंतर बदलणं कटकटीचं आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे लेखी प्रस्ताव दहा दिवस आधी सदस्यांकडे जावा लागतो, विशेष सभेत तीन पंचमांश मतं लागतात, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी तो कायम करावा लागतो.

नियमावलीत या गोष्टी आकड्यांसकट लिहा. सदस्यत्वाचे प्रकार आणि वर्गणी, प्रवेश कोण मंजूर करणार, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची, गणपूर्ती किती, कार्यकारी मंडळ किती जणांचं (विषम संख्या ठेवा) आणि मुदत किती वर्षं, रिकामी जागा कशी भरायची, खात्यावर सह्या कोणाच्या, हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट नसेल, हे वाक्य नियमावलीतही हवं आणि प्रत्येक नोटिशीतही. मुदत संपली आणि निवडणूक लांबली तर जुनं मंडळ दैनंदिन कारभार किती काळ पाहील, तेही लिहा. नोटीस व्हॉट्सॲप-ईमेलने द्यायची असेल तर तशी स्पष्ट तरतूद करा, नाहीतर पुढे 'मला नोटीसच नव्हती' म्हणायला कोणीतरी उभा राहतोच.

आणखी एक कलम कोणी वाचत नाही: १८६० च्या कायद्याचं १५. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली त्याला मत देता येत नाही, तो सदस्यांच्या मोजणीतही धरला जात नाही. तुमच्या चाळिसांपैकी वर्गणी वेळेवर किती जण देतात बघा. सभेआधी पावतीपुस्तक आणि सदस्य नोंदवही जुळवून मतदार यादी काढली नाही, तर त्या सभेतली निवडच वादात सापडते.

हिशेबनीस:
वरचं सगळं बरोबर. पैशांचं मी सांगतो.

प्रमाणपत्र आणि शेड्यूल वन हातात आलं की आधी पॅन. अर्जात संस्थेचा प्रकार निवडताना घाई करू नका. पॅनचं चौथं अक्षर त्यावरून ठरतं (ट्रस्टला 'टी', व्यक्तिसंघाला 'ए') आणि चुकलं तर करमाफीच्या नोंदणीत अडचण येते. मग बँक. खातं उघडण्याचा ठराव, तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या, त्यात खजिनदार सक्तीचा. अध्यक्ष-सचिव एवढ्याच दोन सह्या ठेवल्या की एक जण बाहेरगावी गेला तरी चेक अडकतो.

नुसत्या नोंदणीने प्राप्तिकर माफ होत नाही. आजवर ज्याला १२ए (नंतर १२एबी; संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) म्हणायचे, त्या नोंदण्या स्वतंत्र घ्याव्या लागतात. आधी तीन वर्षांची तात्पुरती, काम सुरू झाल्यावर नियमित. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत. जुन्या आकड्यांचे फॉर्म कोणी हातात दिले तर घेऊ नका. देणगीदाराला वजावट हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोखीत घेऊन उपयोग नाही.

तुमच्यासारख्या ग्रुपचा खरा घोळ ट्रेकच्या शुल्कात आहे. बाहेरच्या लोकांना जागा विकून ट्रेक काढले की ती जमा व्यावसायिक स्वरूपाची धरली जाऊ शकते. 'सर्वसाधारण लोकोपयोगी' उद्देशाच्या संस्थेला अशी जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपर्यंतच चालते. त्यापुढे गेलं तर त्या वर्षाची माफी धोक्यात. म्हणून वर्गणी, देणगी आणि ट्रेक शुल्क यांची पावतीपुस्तकं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

शिल्लक कुठे ठेवायची यालाही १९५० च्या कायद्याचं कलम ३५ आहे: शेड्यूल्ड बँक, पोस्ट, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक, सरकारी रोखे. पतसंस्थेत एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून मुदत ठेव केली की लेखापरीक्षणात शेरा ठरलेला. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.

ऑडिट दरवर्षी, वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर. ताळेबंद अनुसूची ८ आणि उत्पन्न-खर्च अनुसूची ९ च्याच नमुन्यात लागतो. शिवाय वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारी मंडळाची यादी द्यायची असते, ते वेगळंच.

पायवाट_सातारा:
दोघांचेही आभार. एक शंका. आम्ही फक्त सदस्यांपुरताच क्लब ठेवला, लोकांकडून काही घेतलंच नाही, तर सार्वजनिक न्यासाची भानगड टळेल का?

दप्तरी:
कागदोपत्री टळेल. केवळ सदस्यांच्या करमणुकीसाठी असलेला क्लब धर्मादाय ठरत नाही, त्यामुळे तो सार्वजनिक न्यासही नाही. पण मग करमाफी नाही, ८०जी नाही. तुम्हाला तर देणग्या घ्यायच्या आहेत आणि किल्ल्यावर काम करायचं आहे. दोन्ही एकदम जमणार नाही.

कंपनी_सचिव:
कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हाही पर्याय आहे. दोन संचालक पुरतात, काम ऑनलाइन होतं, धर्मादाय कार्यालय मध्ये येत नाही. पण दरवर्षी कंपनी निबंधकांकडे विवरणपत्रं आणि ती चुकली की रोजाने वाढणारं विलंब शुल्क. चाळीस जणांच्या वर्गणीवर चालणाऱ्या ग्रुपला हा पांढरा हत्ती आहे. माझ्या मते संस्थाच बरी.

हिशेबनीस:
अमेरिकेतल्या मित्रांबद्दल: प्रश्न देशाचा नाही, नागरिकत्वाचा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी मित्राने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. त्याच्या पासपोर्टची प्रत फाइलला लावा. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याची देणगी मात्र परदेशीच, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असो, की तो सुट्टीत येऊन साताऱ्यात रुपयांत देवो. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याखालची नोंदणी हवी. तिची अट म्हणजे संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मुख्य उद्दिष्टांवर १५ लाख खर्च. म्हणजे तुमच्यासाठी सध्या नाहीच. 'भाच्याच्या खात्यातून फिरवू' असले सल्ले ऐकू नका.

टाकं_आणि_तटबंदी:
किल्ल्याचं: संस्था नोंदवली म्हणून गडावर फावडं चालवायचा अधिकार मिळत नाही. आधी किल्ला कोणाचा ते बघा. केंद्र संरक्षित असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संरक्षित असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, असंरक्षित असेल तरी जमीन बहुधा वनखात्याची. परवानगी लेखी आणि नेमक्या कामाची घ्या. 'स्वच्छता' आणि 'गाळ काढणे' ही दोन वेगळी कामं आहेत. गाळात अवशेष, नाणी, तोफगोळे सापडू शकतात. म्हणून त्यांचा माणूस हजर असताना, सांगतील त्या पद्धतीनेच काढा. चुना-सिमेंट लावून पायऱ्या 'दुरुस्त' करायच्या भानगडीत तर पडूच नका.

आणि बाहेरच्यांकडून पैसे घेऊन ट्रेक काढणार असाल, तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी वेगळी आहे. धर्मादायचा 'एफ' क्रमांक तिथे चालत नाही.

मांडवीकाठ:
गोव्यातून वाचणाऱ्यांसाठी: १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा फक्त महाराष्ट्राचा. इथे १८६० चाच कायदा, तोही गोव्याच्या स्वतःच्या दुरुस्त्यांसह. वरची कागदांची यादी जशीच्या तशी इथे वापरू नका.

दप्तरी:
एक राहिलं, चेंज रिपोर्ट. कोणी राजीनामा दिला, वारला, नवं मंडळ आलं, पत्ता बदलला, की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत अनुसूची ३ मधला अर्ज. सोबत नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत, नव्यांची संमतीपत्रं आणि जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचा दाखला. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज, आणि वर खर्च भरावा लागतो. दोन निवडणुका होऊनही रिपोर्ट दिला नाही की शेड्यूल वनवर जुनीच नावं राहतात. बँक केवायसीला तीच नावं मागते आणि त्यातला एखादा तोवर गट सोडून गेलेला असतो. मग त्याच्या सहीसाठी फेऱ्या. पहिला रिपोर्ट प्रलंबित असताना दुसरी निवडणूक झाली तरी दुसराही मुदतीतच दाखल करा, पहिल्याच्या निकालाची वाट बघत बसू नका.

पायवाट_सातारा:
समजलं. मुदत तीन वर्षांची ठेवू की पाच?

दप्तरी:
पाच. तेवढे चेंज रिपोर्ट कमी.